माझ्या हातचा हामूर

१ नोव्हेंबर, शुक्रवार. जुम्म्यानंतर.

पार्सल आलं! टेक्सासहून दम्माम, दम्मामहून इथे सौदीत जुबैलला. सात फुटी रॉड, बेटकास्टर रील आणि दोन मजली टॅकल बॉक्स. बॉक्समध्ये माशांना फसवायची सगळी नकली आमिषं, म्हणजे लुअर्स. लाकडी मासोळ्या, फिरक्या, रबरी किडे आणि एक रबरी बेडूक. बेडूक इतका हुबेहूब की बायकोने, आमिनाने, किंचाळून चप्पल हाणली. त्याचा डावा डोळा गेला. चालेल. माशाला कुठे दोन्ही डोळे तपासायची सवड असते.

हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवतो. परवा सासऱ्यांचा फोन होता. जानेवारीत व्हिजिटवर येतायत, मक्केला उमरा करणार, मग आमच्याकडे राहणार. मी म्हटलं या, ताजे मासे खाऊ घालतो. तर स्पीकर चालू असताना म्हणतात, तू खेडचा माणूस, तुमच्याकडे मासा कागदात गुंडाळूनच यायचा. सासरे हर्णैचे. दोन होड्या होत्या त्यांच्या. आमची लेक लाइबा हसली. आमिनाही हसली. जरा जास्तच हसली.

ठरलं. सासऱ्यांच्या ताटात माझ्या हातचा हामूर पडणार. हामूर म्हणजे आपला गोबरा. बाजारातला नाही, कुणी दिलेला नाही. माझ्या हातचा.

मी प्लॅनिंग इंजिनियर आहे. अख्ख्या प्लँटच्या शटडाऊनचं शेड्यूल मी करतो. एक मासा म्हणजे काय मोठंसं.

२ नोव्हेंबर, शनिवार

उद्घाटन. कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, दगडी बांधाच्या टोकाला.

बरोबर विनय खांबेटे होता. आमच्याच कंपनीत आयटीला आहे, खालच्या मजल्यावर राहतो. पुण्याचा. अंडंसुद्धा खात नाही. नुसतं बघायला येऊ का म्हणाला. दया आली. माझा जुना रॉड दिला त्याला, सुपरमार्केटमधला, टोकाला चिकटपट्टी लावलेला. म्हटलं घे, हात साफ कर.

टेक्सासवाले गुरुजी (ज्यांचे व्हिडिओ मी बघतो) म्हणतात, बेटकास्टरवर अंगठ्याचा ताबा हवा. अंगठा जरा सैल पडला की दोरीचा गुंता होतो. त्याला अमेरिकेत ‘पक्ष्याचं घरटं’ म्हणतात. म्हणजे तिथेही होतं. माझं पहिलंच घरटं सुगरणीलाही जमलं नसतं.

मी सोडवत बसलो होतो तेवढ्यात विनयला हामूर लागला.

पहिल्याच फेकीला. शाकाहारी माणसाला. तो माशाला सॉरी सॉरी म्हणत होता.

गळ खोल गेला होता, परत सोडून उपयोग नव्हता. म्हणाला, उस्मान, तू ने. आमच्या घरी विभा मासाही घेणार नाही आणि मलाही घेणार नाही. मग बाजूला जाऊन त्याने बायकोला फोन केला. बिचारा. केवढा धाक.

माझ्या हातात मासा देऊन त्यानेच माझा फोटो काढला.

घरी आलो तर आमिनाने हिरवं वाटण तयार ठेवलेलं. मी म्हटलं, आज हामूर मिळाला. हे खोटं नाही. मिळालाच होता. ती म्हणाली, वा! बायकोचा आपल्यावर विश्वास असला की हे असं असतं. मासा येणार हे गृहीत धरून ती वाटण करते.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. खाली ‘आज कॉर्निशवर’ एवढंच लिहिलं. यातही खोटं काही नाही. सासऱ्यांचा व्हॉइस मेसेज आला, शाब्बास जावई. दोनदा ऐकला. मग आंघोळीला जाताना परत एकदा.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मला कुणाचा हेवा वाटत नाही. हे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो.

विनयला दोन. मला शेवाळ.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरुजी तळ्यातला बास पकडतात. इथे बास नाही, तळंही नाही. पण मासा तो मासा. तत्त्व एकच.

आज बेडूक लावला. पाण्यावरून टुण्टुण उड्या मारत आणायचा, मासा खवळून खालून झेप घेतो. व्हिडिओत घेतो. शेजारी एक सौदी म्हातारा खुर्ची टाकून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसला होता. त्याने बेडूक हातात घेऊन विचारलं, ऐश हादा? म्हणजे हे काय? मग समुद्राकडे बोट दाखवलं, बेडकाकडे दाखवलं आणि मान हलवली. खारट पाण्यात बेडूक नसतो असं त्याचं म्हणणं असावं. मला एक खजूर दिला.

पण मी म्हणतो, ज्या माशाने कधी बेडूक पाहिलाच नाही, त्याला उलट जास्त उत्सुकता नको का वाटायला?

विनयला एक. सव्वा हात लांब. पुन्हा मलाच दिला. पुन्हा बाजूला जाऊन बायकोला फोन. घरी पुन्हा वाटण तयार.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज विनयला ताप होता, आला नाही. मी एकटा. मासे चावले नाहीत, वारं उलटं होतं.

घरी डाळ आणि भाजी. आमिनाला आज मासा येणार नाही हे कसं कळलं? विचारलं तर म्हणाली, वाटलं असंच. बायकांना ही एक देणगी असते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरुजींनी आज मोठी गोष्ट सांगितली. म्हणे मासा नेहमी भुकेनेच चावतो असं नाही. शेजारचा मासा खाईल, त्याआधी आपण खाऊ, म्हणूनही चावतो. पोट भरलेलं असलं तरी. केवळ दुसऱ्याला मिळू नये म्हणून!

किती कोत्या मनाचा प्राणी.

विनयला दोन. एक त्याने परत पाण्यात सोडला, लहान आहे म्हणाला. माझ्या डोळ्यांदेखत सोडला! मी पाहिलेला सगळ्यात सुंदर मासा होता तो.

६ डिसेंबर, शुक्रवार

कारण सापडलं. जागा. विनय माझ्या डावीकडे उभा राहतो, तिथे खडक आहेत आणि हामूर खडकात राहतो. मी सहज म्हटलं, विनय, आज जागा बदलू, तुलाही वेगळा अनुभव. बरं म्हणाला. स्वभावाने गरीब आहे.

मासेही जागा बदलून त्याच्या बाजूला गेले.

माझी लाकडी मासोळी खडकात अडकून तुटली. गुरुजींचा सगळ्यात आवडता रंग होता तो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

खरं कारण रॉड. माझा जुना रॉड लाभी आहे, आणि तो मी उचलून दुसऱ्याला देऊन बसलो. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. विनयला म्हटलं, त्या रॉडशी माझ्या आठवणी आहेत, तू नवा वापर. त्याचे डोळे भरून आले. इतका महाग रॉड मला, म्हणाला.

नव्या रॉडने त्याने आजवरचा सगळ्यात मोठा काढला. बेटकास्टरवर एक घरटं नाही. अंगठा कसा ठेवायचा ते त्याने मलाच समजावलं. मीच दाखवलेल्या व्हिडिओतून शिकला म्हणे.

चिकटपट्टी सुटली आहे.

घरी लाइबा म्हणाली, Papa, Vinay uncle is like a pro, no? मी म्हटलं, त्याला आणलं कुणी, दिलं कुणी, शिकवलं कुणी? ती म्हणाली, chill. या मुलांना मराठीतून उत्तर देता येत नाही, तिथपासून सगळी सुरुवात आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

खरं आमिष लावणं हा अडाणीपणा आहे असं मी विनयला पहिल्या दिवसापासून सांगत आलो. आज ते फक्त प्रयोग म्हणून. फ्रीजमधली कोळंबी खिशात घालून नेली. विनयची पाठ वळली की लावायचो.

काहीतरी येऊन कोळंबी खाऊन जायचं. गळ धुऊन पुसून परत. शेवटी कोळंबी संपली आणि माझ्या खिशाला मांजर लागलं.

आमिना विचारत होती बिर्याणीची कोळंबी कुठे गेली. मी म्हटलं, घरात लक्ष ठेवत जा जरा.

३ जानेवारी, शुक्रवार

सासरे तीन आठवड्यांवर. ग्रुपवर त्यांनी सगळ्या हर्णैला सांगून ठेवलंय, जावई गरवण्यात, गळाने मासे धरण्यात, तरबेज झालाय. मेव्हणा इमाद विचारतो कुठलं लुअर वापरता. मी सविस्तर कळवलं. माहिती द्यायला काही हरकत नसते.

रात्री झोप लागत नाही. मी काही कुणाचं वाईट चिंतणारा माणूस नाही. नमाजानंतर विनयसाठी दुआ मागितली. या अल्ला, त्याला प्रमोशन दे. लांबचं.

१० जानेवारी, शुक्रवार

मराठी मंडळाची संक्रांत. तिळगुळानंतर विनयचं भाषण ठेवलं होतं, ‘लुअर फिशिंग: एक ओळख’. स्लाइड्ससकट. आयुष्यात बोंबील न चाखलेला माणूस मासेमारीवर बोलतो आणि कोकणातले लोक वहीत उतरवून घेतात! वर म्हणतो, हे सगळं माझे गुरू उस्मान मापारी यांच्यामुळे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरू म्हणून मला उभं केलं. मग कुणीतरी विचारलं, गुरुजी, तुमचा आजवरचा मोठा मासा केवढा? मी म्हटलं, मी मोजत नाही.

पोट दुखत होतं. तीळ बाधले.

१२ जानेवारी, रविवार

दुआ कबूल!! विनयला किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या प्रोजेक्टवर धाडतायत, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, लाल समुद्रावर. दोन-तीन महिने. विभावहिनी इथेच राहणार.

जाताना नवा रॉड परत आणून दिला, धुऊन, तेल घालून. आणि एक चमकणारी धातूची पट्टी, बोटाएवढी. म्हणाला, याच्यावरच सगळे मिळाले रे, राहू दे तुझ्याकडे. इतके दिवस मला वाटत होतं माझेच रबरी किडे वापरतोय. बॉक्सच्या तळाला टाकून दिली. आपल्याला कुणाचं उष्टं नको.

आता समुद्र माझा.

१७ जानेवारी, शुक्रवार

शेवाळ. घरी डाळ.

विनयने लाल समुद्रातून फोटो पाठवला. निळा मासा, पिवळे ठिपके. मंडळाच्या ग्रुपवर सत्तर लाइक. मीही दिला. द्यावाच लागतो.

२३ जानेवारी, गुरुवार

सासरे आले. दम्माम विमानतळावर गळाभेट झाल्यावर पहिलं वाक्य, मग, मासा कधी? मी म्हटलं, आधी उमरा, मग मासा. सगळ्याचा एक क्रम असतो.

घरी टॅकल बॉक्स उघडून पाहिला त्यांनी. बेडूक उचलून म्हणाले, लाइबाचं खेळणं यात कसं आलं?

१ फेब्रुवारी, शनिवार

उमरा झाला, अल्हम्दुलिल्लाह. मक्केत हरममध्ये सगळ्यांसाठी मागितलं, आईसाठी, लाइबाच्या दहावीसाठी, आमिनाच्या गुडघ्यासाठी. अगदी शेवटी एक हामूर. मोठा नको म्हटलं, मध्यम चालेल.

परतीला जेद्दाहमध्ये थांबलो तर विनय गाडी घेऊन हॉटेलवर हजर! इतक्या लांबून सासऱ्यांना भेटायला. त्यांच्यासाठी गुडघ्याचं तेल, लाइबाला चॉकलेट. सासऱ्यांशी भरती-ओहोटीवर तासभर बोलत बसला. मी चहा घेऊन आलो तर दोघे गप्प. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

माझ्या पाठीवर सतरा वर्षांत नाही ठेवला.

गाडीत म्हणाले, लाख माणूस आहे. मी खिडकीतून वाळवंट बघत होतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सासऱ्यांना कॉर्निशवर नेलं. टाळून टाळून किती टाळणार. खुर्ची टाकून बसले, ब्लँकेट पांघरून. मी गुरुजींना स्मरून फेकलं. घरटं. सासऱ्यांनी ते मांडीवर घेतलं, सोडवलं, परत दिलं. पुन्हा घरटं. पुन्हा सोडवलं. तिसऱ्यांदा म्हणाले, थंडी वाजते, घरी जाऊ.

वाटेत मी वाऱ्याबद्दल बोललो, पाण्याच्या तापमानाबद्दल बोललो, शिपिंगमुळे मासे कसे बिथरलेत तेही सांगितलं. हूं हूं करत होते.

घरी आमटी-भात. मी ताटाकडे बघत राहिलो. आमिना म्हणाली, जेवा हो, मासा काय, कधीही मिळतो. इतक्या प्रेमाने म्हणाली की जास्तच झोंबलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसमधून थेट मासळीच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, गेलो. फक्त बघायला. बर्फावर हामूर मांडलेले. एकाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. कुणाला कळणार होतं? तोंडात गळ अडकवला की झालं.

नाही घेतला. माणसाला तत्त्व असतं. शिवाय मागे आमच्या कंपाउंडमधले तल्हा उभे होते, त्यांनी सलाम केला.

सासरे रविवारी निघणार. एक शुक्रवार उरला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ, बांधावर बसून, फोनवर लिहितोय.

फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर एकटाच आलो. सासऱ्यांचे गुडघे धरलेत. बेडूक पहिल्याच फेकीत दोरीतून सुटून गेला. एका डोळ्याने माझ्याकडे बघत इराणच्या दिशेने निघाला. फिरकी खडकात. किडे खेकड्यांनी खाल्ले. बॉक्स रिकामा. तळाला विनयची ती पट्टी तेवढी.

नाही लावणार.

ऊन चढायला लागलंय. जुम्म्याआधी निघावं लागेल.

लावतो. कुणी बघत नाही.

तोच दिवस. दुपार.

आजचं लिहिणारच.

मला वाटलं खडक लागला. शिवी दिली. मग खडक चालायला लागला! रील किंचाळलं. गुरुजींचं एक वाक्य आठवेल तर शपथ. मी फक्त आमिनाऽऽ म्हणून ओरडत होतो, कॉर्निशवर, एकटा. दोरी बोटात रुतली, चप्पल पाण्यात गेली, आणि बांधावर हामूर येऊन आपटला. तपकिरी, ठिपक्यांचा, चांगला हातभर. माझा. कुणी दिलेला नाही. माझा!

बसलो तिथेच आणि रडलो थोडा. वारा होता, डोळ्यात वाळूही गेली असेल.

फोटो काढायला आज कुणी नव्हतं. एका हाताने काढला. माझा अंगठा आणि अर्धी शेपटी आली.

एका चपलेवर जिना चढलो. वाटलं, आतून वाटणाचा वास येईल. अंड्याच्या रश्श्याचा येत होता.

आमिनाने दार उघडलं. मासा बघितला. मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात बघितलं. म्हणाली, अगं बाई, विनयभाऊ कधी आले? विभाने फोन कसा केला नाही?

आतून सासरे ओरडले, खांबेट्यांना वर घेऊन ये, असं दारातून पाठवू नकोस, वाईट दिसतं.

मी म्हटलं, विनय नाही आला. मी पकडला. मी!

आमिना म्हणाली, हो हो. लाइबाला ताप असला की ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात. लाइबा म्हणाली, Papa, it's okay, everybody knows.

विचारलं, कधीपासून? आमिना म्हणाली, पहिल्या दिवसापासून. विनयचा फोन झाला की विभा लगेच मला कळवायची, आज मासा येतोय म्हणून, मग मी वाटण करायची. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, मासा घेऊन दारात उभे राहायचात तेव्हा तोंड एवढं उजळलेलं असायचं तुमचं, बोलवेचना. सासऱ्यांना जेद्दाहला कळलं होतं. विनयनेच हात जोडून सांगितलं म्हणे, उस्मानला काही बोलू नका.

मी शपथ घेतली. बोटावरची दोरीची जखम दाखवली. अंगठ्याचा फोटो दाखवला. सासऱ्यांनी कल्ले उघडून पाहिले. ताजा आहे, बाजारातला नव्हे, म्हणाले. मला वाटलं सुटलो. तर म्हणतात, म्हणजे खांबेट्यांनी कुणाला तरी सांगून पकडवून पाठवला. एवढ्या लांब राहून लक्षात ठेवलं, मी रविवारी निघतोय.

आमिनाने विनयला थँक यूचा मेसेज केला. लगेच उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं, वहिनी, शपथ सांगतो, माझा काही संबंध नाही, तो उस्माननेच पकडला असणार.

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, बघा. याला म्हणतात मोठं मन. श्रेयसुद्धा स्वतःकडे ठेवत नाही माणूस.

जुम्म्याहून येऊन जेवायला बसलो. सासऱ्यांनी बोटं चाटली, काट्यांचा ढीग केला. म्हणाले, हर्णै सोडल्यापासून असा मासा खाल्ला नाही, माझा सलाम कळव त्याला. कळवला. विनयने हात जोडल्याची चित्रं पाठवली.

मी तीन तुकडे खाल्ले. मासा चांगला होता. विभावहिनींचा फोन आला नव्हता, त्यामुळे वाटण नव्हतं. मसाला पाकिटातला होता.